नाव तेच, वस्तू कोणती?

वाचकहो, पंचशील घेणाऱ्याने बिअरची चर्चा कशाला करावी, असे आपण म्हणाल. बिअर म्हटली की पाचवे शील आठवते. मला येथे चौथे आठवते.

इंग्लंडात ‘न्यूकॅसल ब्राऊन एल’ नावाची बिअर आहे. ती १९२७ साली न्यूकॅसल शहरात निघाली. त्या शहराबाहेर हे नाव कोणी वापरू नये म्हणून २००० साली युरोपीय कायद्याने त्यास संरक्षण मिळाले. पुढे २००५ साली कंपनीनेच उत्पादन टाइन नदीपलीकडे गेट्सहेडला हलविले. आता आपल्याच संरक्षणामुळे आपलेच नाव वापरता येईना! तेव्हा २००७ साली ते संरक्षणच रद्द करून घेण्यात आले. २०१५ साली रंगासाठी घालावयाचे कॅरामेल काढून त्याऐवजी भाजलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, वापरण्याचे जाहीर झाले. गाव सुटले, कृती बदलली, बाटलीवरचे नाव मात्र टिकले. मग ही बिअर तीच की दुसरी?

आपल्याला या प्रश्नाचे एक उत्तर तयार सापडते. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात भदन्त नागसेन ग्रीक राजा मिलिंदास विचारतात, रथ म्हणजे चाक काय, आस काय, की जू? यांपैकी एकही रथ नव्हे. ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव आहे. तसेच बिअरचे. तिच्यात न बदलणारा आत्मा पहिल्या दिवशीही नव्हता. दरसालचे जव वेगळे, पाणी वेगळे.

कंपनीच्या वकिलाला हे उत्तर फार आवडेल. म्हणूनच येथे थांबून चालत नाही. अनात्मवाद हा फसवणुकीचा परवाना नव्हे.

त्याच ग्रंथात दुधाची गोष्ट आहे. एकाने गवळ्याकडून दूध विकत घेतले, उद्या नेतो म्हणून त्याच्याकडेच ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याचे दही झाले. गिऱ्हाईक म्हणाले, “मी दही घेतले नव्हते, माझे दूध दे.” मिलिंद गवळ्याच्या बाजूने निकाल देतो, कारण दही त्याच दुधातून झाले. नागसेनांना यातून हे दाखवावयाचे आहे की बदल झाला म्हणून मागच्या कर्मातून सुटका होत नाही.

पण दूध आपोआप विरजले. बिअरची कृती कोणीतरी बुद्धिपुरस्सर बदलतो. गवळ्याने रात्री स्वतः दुधात काही मिसळले असते, आणि सकाळी “हे तेच” म्हटले असते, तर? निकाल फिरला असता, असे मला वाटते. वस्तूत आत्मा नसला तरी दिलेल्या शब्दाला देणारा आणि घेणारा असतो.

मानवतच्या कापसाच्या बाजारपेठेत हा प्रश्न बिअरपेक्षा जवळचा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण शेतकरी ‘नांदेड ४४’ म्हणून ओळखतो. बोंडअळीविरुद्ध बीटी जनुके घालून तो पुन्हा आणला, तेव्हा नावापुढे ‘बीजी २’ अशी जोड दिली. कूळ जुने, बियाणे बदललेले, आणि ते नावातच सांगितले. बिअरवाल्यांना एवढे का जमू नये?

घटक मागच्या बाजूस बारीक अक्षरात छापले म्हणजे सांगितले, असे बाटलीवाला म्हणेल. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचे आईबाप बियाणे पिशवीचा रंग पाहून आणि नाव उच्चारून घेतात. त्यांच्याशी व्यवहार होतो तो त्या उच्चारलेल्या नावाचाच.