'झेपेल' हा शब्द खोडून टाक

चि. बबडीस,


वाचनालयाने वर्षाचे चार प्रयोग ठरवायचं काम तुझ्यावर सोपवलं, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारतेस, ''मामा, आमच्या गावच्या लोकांना कोणतं नाटक झेपेल?'' त्यातला 'झेपेल' हा शब्द आधी खोडून टाक. मी बावीस वर्षं आपल्या तालुक्यात नाटकं आणली, आणि माझी सगळ्यात मोठी चूक याच शब्दापायी झाली.

यात्रेच्या मैदानावर आम्ही महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' ठेवलं. हजारभर माणसं, मागे आकाशपाळणे, बाजूला रसवंतीचे घुंगरू. त्या नाटकातलं निम्मं दुःख माणसं जे बोलत नाहीत त्यात आहे. पात्रं गप्प झाली की पाळण्याचा भोंगा ऐकू यायचा. तासाभरात मैदान ओसरलं. खेड्यातल्या माणसाला असलं नाटक कळत नाही, असा निकाल समितीने दिला आणि मीही मान डोलावली. दोन वर्षांनी शाळेच्या हॉलमध्ये, दारं लावून, त्याच मंडळींसमोर तेच नाटक केलं. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर, तात्याजींच्या तेरवीच्या खर्चापायी घरात उडालेले खटके, हे त्यांना कुणी समजावून सांगायचं होतं? प्रयोग संपल्यावर रात्री एक वाजेपर्यंत माणसं शाळेच्या अंगणात उभी राहून आपापल्या घरच्या वाटण्यांविषयी बोलत होती.

तेव्हापासून मी आधी जागा बघतो, मग वेळ, मग शेजारी कोण बसणार ते. लोकांची आवड काय असेल, हा विचार सगळ्यात शेवटी.

लांबलचक नाटक गावात चालत नाही, असं तुला पुष्कळ जण सांगतील. गडचिरोली-चंद्रपूरकडे झाडीपट्टीत रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि माणसं अंगावर पांघरूण घेऊन बसून राहतात. ती रात्र त्यांनी नाटकासाठीच राखलेली असते. पण तुझ्या प्रेक्षकांची शेवटची एसटी साडेनऊला असेल, तर उत्तमातलं उत्तम नाटकही नवाच्या पुढे घड्याळाकडे बघत पाहिलं जाईल.

शेजाराचं महत्त्व मला उशिरा कळलं. बचत गटाच्या बायकांसाठी प्रशांत दळवींचं 'चारचौघी' आण. 1991 सालचं नाटक, पण विद्याचा फोनवरचा तो प्रदीर्घ प्रसंग आजही अंगावर येतो. त्याच बायका सासरच्या माणसांच्या रांगेत बसल्या, की हसू आणि रडू दोन्ही पदराआड जातं. म्हणून एक प्रयोग फक्त त्यांचा ठेव. यावर समितीत वाद होईल. मागे हटू नकोस.

मुलांसाठी रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' मिळालं तर सोडू नकोस. आठ-नऊ वर्षांची पोरं चेटकिणीशी भांडायला खुर्चीवर उभी राहतात, त्यांना दटावू नये. तीन-चार वर्षांची घाबरतात; त्यांच्या आयांना कडेच्या, दाराजवळच्या खुर्च्या दे.

आजी-आजोबांसाठी 'सौभद्र'. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक 1882 मध्ये रंगभूमीवर आलं, तरी त्यातली पदं ऐकायला माणसं अजून वाट वाकडी करून येतात. संक्षिप्त प्रयोग स्वस्त पडतो, पण ज्या पदासाठी आजोबा आले तेच नेमकं गाळलेलं असतं. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. प्रयोग दुपारी चारचा घे, मध्यंतर वीस मिनिटांचं ठेव, आणि स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का ते स्वतः जाऊन बघ.

तारखा ठरवण्याआधी एकदा संध्याकाळी तुमच्या सभागृहात जा. स्टेजवर कुणाला तरी हळू आवाजात बोलायला सांग आणि तू शेवटच्या रांगेत बस. तिथे काय ऐकू येतं, ते मला लगेच कळव.

तुझा,
मामा