कपाटातला चेंडू

शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-९



यार्देनेच्या कोरड्या पात्रातून इस्राएल लोक पार गेले, तेव्हा परमेश्वराच्या आज्ञेवरून यहोशवाने बारा वंशांच्या बारा पुरुषांकडून बारा धोंडे उचलवले. ते घडवलेले नव्हते की मोलाचे नव्हते. पुढे मुलांनी विचारले, हे धोंडे कशाचे, तर वडिलांना उत्तर देता यावे एवढ्यासाठी ते मुक्कामी नेऊन ठेवले. म्हणजे धोंड्याकडे अर्धेच काम. उरलेले अर्धे वडिलांच्या तोंडचे. जाम नदीच्या काठी राहणाऱ्या आपणांस धोंड्यांची ओळख करून द्यायला नको. गोटमारीने ती पुरेशी करून दिली आहे.

आपल्या पांढुर्ण्यातील एका घरी काचेच्या कपाटात, पवित्र शास्त्राच्या शेजारी, क्रिकेटचा एक जुना चेंडू आहे. कातडे काळवंडलेले, शिवण एका बाजूस उसवलेली, आतले सुतळीचे वेढे दिसतात. नातू तो खेळायला मागे. आजोबा देत नसत. त्याऐवजी विजय हजाऱ्यांची गोष्ट सांगत.

गोष्ट खरीच मोठी आहे. १९४३ साली मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर पंचरंगी सामन्यात ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ या सांगलीच्या मराठी ख्रिस्ती खेळाडूने एकट्याने काढल्या. सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागी झाली, तीत धाकटे बंधू विवेक यांच्या धावा अवघ्या २१. पण ते दुसऱ्या टोकाला उभे राहिले. सामना हिंदू संघाने जिंकलाच. पुढे १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते.

हे सारे मुलाला तोंडपाठ होते. स्वतःच्या घरातल्या दोन भावांचे मात्र काहीच ठाऊक नव्हते.

तो चेंडू आजोबांच्या थोरल्या भावाचा. लहानपणी दोघे त्याच चेंडूने खेळले. पुढे संत्र्याच्या बागेच्या वाटणीवरून बिनसले, आणि अकरा वर्षे कोणी कोणाच्या घरचे पाणी घेतले नाही. उपासनेला दोघेही येत, बाके वेगळी. थोरला वारला तेव्हा त्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत जपून ठेवलेला हा चेंडू निघाला.

अशी गोष्ट सांगणे जड जाते, यात नवल ते काय! बागेचा भाग गाळून सांगता आली असती. पुष्कळ घरांत तसेच करतात, आणि मग मुलांच्या हाती शोभेची वस्तू तेवढी राहते. यार्देनेच्या धोंड्यांची हकीकत सांगतानाही अरण्यातील चाळीस वर्षांची कुरकूर सांगावीच लागते. ती वगळली, तर देवाने दया केली ती कोणावर, हे मुलांना कसे कळावे?

मागल्या नाताळात आजोबांनी नातवाला जवळ बसवून सगळे सांगितले, बागेसकट. मुलाने विचारले, “मोठे आजोबा तुम्हाला भेटायला का नाही आले?”

आजोबा म्हणाले, “मी तरी कुठे गेलो, बाळा?”

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. हा अध्याय शिकवाल तेव्हा मुलांना घरातील एखादी जुनी वस्तू आणायला सांगा. मात्र ती कोणाची, कोणी व का ठेवली, हे आधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगा. काही मुले परत येऊन म्हणतील, घरी कोणी काही बोलले नाही. त्या घरांची नावे टिपून ठेवावीत आणि त्याच आठवड्यात तेथे भेटीस जावे.