जीर्णोद्धार कशाचा?

गेल्या माघात पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब माळव्यातील एका जुन्या वाड्यात जेवावयास गेलो. वाडा एके काळी एका मराठी सरदार घराण्याचा. आता त्याची डागडुजी होऊन तेथे भोजनगृह चालते. सागवानी खांबांना तेलपाणी केलेले, भिंतींना चुन्याचा ताजा गिलावा, चौकात कंदिलाच्या घाटाचे विजेचे दिवे. पितळी ताटांत पिठले, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि लोण्याचा गोळा. माजघराच्या कोपऱ्यात चूलही मांडलेली होती. तीत सरपणाच्या जागी तांबडा दिवा लावला होता. जेवण रुचकर होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जेवणाच्या आकारणीत मात्र एखाद्या घराचा आठवड्याचा बाजार सहज झाला असता.

आम्ही केवळ चवीसाठी गेलो नव्हतो. आमच्याही भाऊबंदांचा सामायिक वाडा पडावयास आला आहे. अशाच भोजनगृहासाठी तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मागणारे एक गृहस्थ आले आहेत, आणि द्यावा की देऊ नये याविषयी घरात दोन तट पडले आहेत. आपल्या सभासदांपैकी अनेकांपुढे हाच प्रश्न आज ना उद्या येणार, म्हणून हे लिहीत आहोत.

पहिला आक्षेप अन्नविक्रयाचा. स्मृतींनी शिजविलेल्या अन्नाची विक्री ब्राह्मणास निषिद्ध मानली होती. आमच्या वडीलधाऱ्यांनाही घरचे अन्न विकणे कमीपणाचे वाटे. ज्या चौकात मुंजीची पंगत बसली, तेथे दरपत्रक पाहून जेवायचे, हे मनाला रुचत नाही. दुसरा आक्षेप खोटेपणाचा. ज्या पिठल्यावर गरिबाने दिवस काढले, तेच पिठले हौसेने आणि महागात खाणे हे एक प्रकारचे सोंगच नव्हे काय?

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. आपण ज्या अगत्याची आठवण काढतो, ते सर्वांसाठी कधी होते? सोवळ्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कितीजणांना प्रवेश होता? राबणारी माणसे अंगणातच जेवत. आज त्याच माजघरात कोणीही येऊन बसतो आणि त्याला जात विचारली जात नाही. नवा उंबरा पैशाचा आहे, तोही कमी उंच नाही; परंतु जुना उंबरा नव्हताच, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

शिवाय इमारत वापराविना टिकत नाही. कौले शाकारली नाहीत तर दोनचार पावसाळ्यांत वासे कुजतात. महेश्वरच्या किल्ल्यातील होळकरांच्या निवासस्थानाचा काही भाग २००० सालापासून अतिथिगृह म्हणून वापरात आहे. इंदूरचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला, पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. इंदूरकर त्यास आजही राजवाडाच म्हणतात. अहल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचे देऊळ १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले. त्यास आपण जीर्णोद्धार म्हणतो, कारण तेथे पूजा पुन्हा सुरू झाली. तेव्हा विचारावयाचे ते हे, की घराचा जीर्णोद्धार करताना पुन्हा सुरू काय करावयाचे?

याचे उत्तर आम्हांस त्या रात्री थोरल्या काकूंकडून मिळाले. त्यांचे वय शहाऐंशी. लग्न होऊन त्या अशाच वाड्यात आल्या आणि अनेक वर्षे धुरात त्यांनी स्वयंपाक केला. त्या दिव्याच्या चुलीकडे त्यांनी एकदाच पाहिले. मग वाढणाऱ्या मुलाला जवळ बोलावून विचारले, “तू जेवलास का रे, बाळा?” तो ओशाळून म्हणाला, “आजी, आमचं अकरानंतर. सगळे गेले, की मागच्या बाजूला, उरलं असेल ते.” काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या, “आमचंही असंच असे.” आणि त्यांनी ताटातली भाकरी पुढे खाल्ली नाही.

आम्ही स्वादाचे कौतुक करीत होतो आणि इतक्या खटाटोपातून वाड्यातील नेमकी कोणती गोष्ट जशीच्या तशी टिकली, ते काकूंनी ओळखले. खांब नवे, गिलावा नवा, यजमान नवे; रांधणाऱ्या-वाढणाऱ्याने शेवटी, उरलेसुरले खावे, ही रीत तेवढी जुनी. भाकरी विकली यात आम्हांस आता पाप दिसत नाही. चुलीतला दिवा हे सोंगही क्षम्य आहे. वाढणारा उपाशी असताना त्याला फेटा बांधून उभे करणे मात्र क्षम्य नाही. पूर्वी सुना शेवटी जेवत तेव्हाही ते क्षम्य नव्हते. आपण त्याला वळण म्हणत आलो.

म्हणून वाडा पट्ट्याने देण्याच्या बाजूने आम्ही आमचे मत कळविले आहे, दोन अटींवर. कामाच्या माणसांनी गिऱ्हाइकांच्या आधी, ताजे अन्न, माजघरातच बसून जेवावे. आणि वर्षातून एक दिवस, आजीच्या श्राद्धतिथीला, चौकात येईल त्याला विनामूल्य पंगत असावी. ते गृहस्थ दुसरी अट मान्य करतात. पहिलीस म्हणतात, धंद्याला परवडणार नाही. भाऊबंदांपैकी काहींना ती हटवादी वाटते.

काकूंनी मात्र आपल्या हिश्शाच्या कागदावर अजून सही केलेली नाही.