बाधक येईपर्यंत

2011 च्या उन्हाळ्यात आमच्या ट्रॉयमध्ये रस्त्याकडेला पाट्या दिसू लागल्या. ग्रंथालय बंद करायला मत द्या आणि मग पुस्तकं जाळायच्या पार्टीला या, असा मजकूर. तारखाही दिलेल्या: मतदान 2 ऑगस्टला, होळी 5 ऑगस्टला. डेट्रॉईटच्या उत्तरेचं हे मिशिगनमधलं गाव मोटारींच्या धंद्यावर पोसलेलं. 2008 नंतरच्या मंदीत पालिकेची तिजोरी आटली होती, आणि ग्रंथालय चालवायला थोडा जादा कर द्यायचा की नाही यावर कौल घ्यायचा होता. करविरोधकांचा जोर मोठा होता. पाट्या लागल्या आणि गाव खवळलं. तोवर कराबद्दल भांडणारे लोक पुस्तकांबद्दल बोलू लागले. पुढे उलगडा झाला की जाळणारे कोणी नव्हतेच. ग्रंथालय वाचावं म्हणून एका जाहिरात कंपनीने रचलेलं ते सोंग होतं. कर मंजूर झाला, ग्रंथालय आजही बिग बीव्हर रस्त्यावर उभं आहे, आणि तिथला सदस्य म्हणून मला त्याचा आनंदच आहे.

पण हेतू चांगला म्हणून सोंग चांगलं, हे मला तेव्हाही पटलं नाही. पाटी वाचणाऱ्याला हेतू दिसत नव्हता, त्याला पाटीच दिसत होती. दुसऱ्याचं अंतःकरण न दिसता त्याच्या कामावर विसंबून आपण जगतो. ते कुठवर रास्त आहे?

हा प्रश्न मला फावल्या वेळचा नाही. दिवसा मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते. रात्री, मुलं झोपल्यावर, डेबियन नावाच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची काही लहान पॅकेजं सांभाळते. नावं सांगण्यासारखी नाहीत. डेबियन 1993 मध्ये इयान मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सुरू केलं. आता त्यात हजारोंनी पॅकेजं आहेत आणि ती सांभाळणारे माझ्यासारखे मेंटेनर जगभर पसरलेले. मूळ कर्त्याने, म्हणजे अपस्ट्रीमने, नवी आवृत्ती काढली की ती आणायची, डेबियनच्या नियमांत बसवायची, कोणी बग नोंदवला तर तो आपल्या यंत्रावर घडवून बघायचा, पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, लिहायचा, चेंजलॉगमध्ये बगचा क्रमांक आणि आपलं नाव घालायचं, सही करून पाठवायचं. पैसे मिळत नाहीत.

मंडळाच्या गणपतीत हे कोणाला सांगितलं की हमखास उत्तर येतं, ‘अरे वा, म्हणजे निष्काम कर्म!’ मी हसून मोदकाकडे वळते. त्यात निष्काम फारसं काही नाही. चेंजलॉगमध्ये माझं नाव छापलेलं मला आवडतं. मला न विचारता कोणी माझ्या पॅकेजमध्ये दुरुस्ती केली, आणि नियमाने तशी करता येते, तर दोन दिवस मी घुश्शात असते. शिवाय मला वाटतं, आपण गीता जरा सोयीने वाचतो. फळाची आशा सोडली की काम पवित्र झालं, असा त्यातून काढलेला स्वस्त अर्थ मला रोजच्या कामात टिकताना दिसत नाही. दोन घटना सांगते.

पहिली 2006 ची. ओपनएसएसएल ही गुप्त किल्ल्या बनवणारी लायब्ररी. स्मृतीतले दोष शोधणाऱ्या एका साधनाने तिच्यातल्या ओळींवर तक्रार केली. डेबियनमधल्या मेंटेनरने मूळ कर्त्यांच्या चर्चेत विचारलं, विरोध झाला नाही, म्हणून त्याने त्या ओळी बाद केल्या. हेतू निर्मळ, पद्धतही बरीचशी रीतसर. पण यादृच्छिकता जिथून आत यायची नेमकी तीच वाट त्यात बंद झाली. उरला फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, ज्याच्या शक्यता 32,768. ज्या किल्ल्या विश्वाच्या अंतापर्यंत कोणाला सापडू नयेत, त्या दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोजून संपतील एवढ्या झाल्या. मे 2008 मध्ये लुसियानो बेलो या डेबियनच्याच माणसाला हे दिसलं, आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

दुसरी 2024 ची, आणि पहिलीच्या अगदी उलट. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते एक थकलेला माणूस एकट्याने सांभाळत होता. 2021 च्या अखेरीपासून जिया तान या नावाने कोणी मदतीला आलं. नीट पॅच, नम्र भाषा, न कंटाळता केलेलं काम. त्याच वेळी इतर काही नावांनी मूळ मेंटेनरवर दबाव येत होता की तू संथ आहेस, कोणाकडे तरी सोपव. त्यांतलं एक नाव होतं जिगर कुमार. (आपल्या देशातल्या सर्व घाईखोर ग्राहकांचा प्रतिनिधी वाटावा असं नाव कोणी तरी विचार करून निवडलं असणार.) हळूहळू जिया तानकडे सूत्रं आली. दोनेक वर्षांची सेवा झाल्यावर, फेब्रुवारी 2024 मध्ये, 5.6.0 ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात चोरदरवाजा होता: दूरच्या यंत्रात लॉगिन करायच्या एसएसएचमधून हव्या त्या माणसाला आत सोडणारा. तो चाचणीसाठी ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या बायनरी फाइलींत दडवला होता, आणि त्याला जागं करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या सोर्सच्या, म्हणजे मूळ कोडच्या, इतिहासात नव्हताच, फक्त वाटायच्या गठ्ठ्यात होता. यात एक टोचणारी गोष्ट आमचीही आहे. मूळ एसएसएचचा एक्सझेडशी काही संबंध नव्हता. डेबियनसारख्या वितरणांनी सोयीसाठी घातलेल्या पॅचमुळे तो जडला.

पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता आपलं वेगळंच काहीतरी मोजत होता. डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याला दिसलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. 29 मार्चला त्याने जगाला सांगितलं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्याचा भाव शुद्ध, आणि दोन वर्षं सगळी कुलुपं उघडी. दुसऱ्याचा भाव दुष्ट, आणि दोनेक वर्षं त्याचे पॅच चांगले. त्यांतल्या कित्येकांनी लोकांचं खरोखर भलं केलं. जिया तानने फळाची उतावीळ केली नाही, कौतुक मागितलं नाही, उद्धट उत्तरं दिली नाहीत. निष्काम कर्मयोग्याची बाह्य लक्षणं लिहून काढली तर तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण मिळवेल. कर्माचं मूल्य भावावर ठरतं, असं आपली परंपरा सांगते. देवाच्या दरबारात ते ठीक असेल, तिथे आतलं दिसतं. पण जिथे आतलं दिसतच नाही अशा माणसांच्या व्यवहारात भावावर नीती उभी करणं म्हणजे सोंगाड्याला आमंत्रण. आमच्या संतांना हे ठाऊक होतं. तुकोबांनी दांभिकांवर जितका आसूड ओढला तितका नास्तिकांवर ओढला नाही.

मी वाईची. आजोबा तिथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. सात खंडांचा मीमांसाकोश करणाऱ्या केवलानंद सरस्वतींबद्दल ते बोलत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. कृष्णेच्या घाटावर चालताना त्यांनी मला मीमांसक आणि नैयायिक या दोन दर्शनपंथांचं एक भांडण सांगितलं होतं. नैयायिक म्हणतो, ज्ञान खरं आहे हे बाहेरून ठरतं: लांबून पाणी दिसलं, जाऊन प्यायलास, तहान भागली, मग ते पाणी. मीमांसक म्हणतो, असं नव्हे. ज्ञान उपजतंच प्रमाण असतं, खोटेपणा तेवढा बाहेरून कळतो, एक तर त्याला बाध करणारं, म्हणजे खोडून काढणारं, दुसरं ज्ञान आलं म्हणून किंवा साधनातच दोष सापडला म्हणून. सातव्या शतकातल्या कुमारिलांचा मुद्दा असा की प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागणार असेल तर त्या दाखल्यालाही दाखला लागेल, आणि हे थांबणारच नाही. अनवस्था. लहानपणी मला नैयायिक शहाणा वाटायचा. इथे अमेरिकेत आल्यावर, कंपायलरशी, म्हणजे सोर्सचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामशी, झगडताना मी मीमांसकाच्या बाजूला सरकत गेले.

कारण आमच्याकडे ही अनवस्था अक्षरशः आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं की कंपायलरच असा बिघडवता येतो की तो दुसऱ्या प्रोग्राममध्ये चोरवाट घालेल, आणि स्वतःची नवी प्रत बनवताना हे दुष्कर्म तिलाही शिकवेल. मग सोर्स कितीही वाचा, त्यात काही सापडणार नाही. सोर्स तपासला तर कंपायलर उरतो, कंपायलर तपासला तर त्याला बनवणारा कंपायलर. तळ नाही. कुठेतरी ‘हे खरं मानून चालू’ म्हणावंच लागतं. प्रश्न एवढाच की ते मानणं आंधळं कधी होतं.

पेंग्विकॉन हे संमेलन काही वर्षं ट्रॉयमध्ये भरायचं. तिथे भेटलेल्या एका माणसाने माझा पासपोर्ट उलटसुलट पाहून माझ्या डिजिटल सहीच्या किल्लीवर सही केली होती. आमच्यात असा रिवाजच आहे. विश्वासाचं जाळं अशा सह्यांनी विणलं जातं. पण पासपोर्टने कळतं ते नाव. तेवढ्यावर कोणाला यंत्राच्या गाभाऱ्यात सोडायचं का? या अस्वस्थतेतून 2013 पासून डेबियनमध्ये एक वेगळं काम चाललंय: तोच सोर्स कोणीही, कुठेही, केव्हाही कंपाइल करून बांधला तर निघणारी फाइल बिट न बिट तीच निघाली पाहिजे. तशी निघाली तर मी पाठवलेली वस्तू माझ्या शब्दावर घ्यायची गरज उरत नाही. शेजारचा बांधून ताडून बघू शकतो. ऐकायला सोपं. माझ्या एका पॅकेजच्या मॅन्युअलमध्ये बिल्डची तारीख आपोआप छापली जात होती. मी रात्री अकराला बांधलं की त्यावर ट्रॉयची तारीख, युरोपातल्या तपासणी यंत्रावर उजाडलेल्या दिवसाची. त्या यंत्रांवर मुद्दाम घड्याळ वर्षाहून पुढे सरकवतात, भाषा बदलतात, फाइलींचा क्रम उलटापालटा करतात. एवढं करूनही फरक पडला नाही तर समजायचं की वस्तूत बांधणाऱ्याचं काहीच मिसळलेलं नाही. अहंकार जावा म्हणून लोक हिमालयात जातात. मी चेंजलॉगमधली तारीख वापर असं बिल्डला सांगणाऱ्या एका ओळीसाठी आठवडाभर बसले होते.

सोर्स शुद्ध ठेवण्याचं हे वेड मराठीला नवं नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची. तीनेकशे वर्षांत पाठांतराने आणि नकलांनी तिच्यात पाठभेद घुसले. शके 1506, म्हणजे 1584 मध्ये, पैठणच्या एकनाथांनी प्रती जमवून ती शुद्ध केली. आळंदीला ज्ञानदेवांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली होती, ती नाथांनी काढली, ही आख्यायिका बहुतेकांना ठाऊक असते. मला त्या कथेत आमचं काम दिसतं: मूळ कर्ता समाधिस्थ, पॅकेज अनाथ, आणि कोणी एक जण ते दत्तक घेतो. शेवटी नाथांनी बजावलं की यात यापुढे कोणी ओवीची भर घालू नये.

नाथांचा भाव शंकेपलीकडे आहे, आणि अडचण तिथेच आहे. त्यांनी काय वगळलं, काय बदललं, कोणत्या प्रतीवरून, याची नोंद नाही. तसा काळ नव्हता, हे खरं. पण त्यांच्या पुण्याईवर आपण प्रत स्वीकारली आणि दार लावून घेतलं. 1909 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक पोथी छापली तेव्हा केवढा गदारोळ झाला! ती खरोखर तितकी जुनी का, यावर विद्वान भांडले. माझ्या दृष्टीने राजवाडे बरोबर की चूक हे दुय्यम आहे. त्यांनी बाधक उभा केला. मीमांसकाची अटच ती: बाधक येईपर्यंत प्रमाण. आणि ही अट प्रामाणिकपणे पाळायची तर बाधकाला यायला वाट ठेवावी लागते. जिया तानने नेमकी तीच वाट बुजवली होती. बायनरी फाइल म्हणजे जिच्यावर कोणी शंकाच घेऊ शकत नाही अशी ओवी. उलट 2006 च्या त्या बाद केलेल्या ओळी नावानिशी, तारखेनिशी उघड्यावर होत्या. म्हणून त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याची चूक सापडण्यासारखी होती, आणि सापडली.

डेबियनने 1997 मध्ये स्वीकारलेल्या सामाजिक करारात एक कलम आहे की आम्ही अडचणी लपवणार नाही, बगांची नोंदवही सर्वांना कायम उघडी राहील. भाव शुद्ध ठेवीन, असं वचन त्यात कोणी दिलेलं नाही. मला हे फार आवडतं.

तरी एक हिशेब जुळत नाही. अर्धा सेकंद तपासून बघ, असं फ्रॉइंडला कोणी सांगितलं नव्हतं. कोणत्याही करारात ते बसत नाही. वाट कितीही उघडी ठेवली तरी तिच्यावरून येणारा कोणी लागतो, आणि तो कशामुळे येतो याचं उत्तर देताना मला पुन्हा त्याच्या आतल्या कशाचं तरी नाव घ्यावं लागतं. आजोबांना हे विचारलं असतं तर त्यांनी बहुधा कुमारिलांकडून बरंच काही ऐकवलं असतं, आणि माझं समाधान झालं नसतं.

गेल्या हिवाळ्यात मला एका अनोळखी नावाने पॅच येऊ लागले. छान लिहिलेले. मग विचारणा आली, सह-मेंटेनर होऊ का? चार वर्षांपूर्वी मी आनंदाने हो म्हटलं असतं. मी स्वतः अशीच, वाईची कोण कुठली, आत आले होते. आता प्रत्येक उदार परका संशयित ठरतो, हे जिया तानने केलेलं नुकसान चोरदरवाज्याहून मोठं आहे. मी त्याला नाव-गाव विचारलं नाही. त्याच्या पॅचबरोबर चाचणीची एक बायनरी फाइल होती, ती कशी तयार केली ते लिहून पाठव, म्हणजे मला इथे बनवून ताडता येईल, एवढं कळवलं. दोन दिवसांनी दहा ओळींची स्क्रिप्ट आली. चालवली, फाइल तंतोतंत जुळली. खाली त्याने लिहिलं होतं की पॅकेजबरोबरच्या माझ्या सूचनापत्रातल्या तिसऱ्या परिच्छेदातली आज्ञा चुकीची आहे, ती चालत नाही. बघितलं तर खरंच चालत नव्हती. बग नोंदव म्हटलं.