पिशाच्चाला आमंत्रण

विलायती रक्तपिपासू पिशाच्चाचा एक गुण मला फार आवडतो. घरच्यांनी ‘या’ म्हटल्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नाही. आमच्या घणसोली गावात हळदीचा डीजेसुद्धा एवढी परवानगी मागत नाही!

अमेरिकेत ‘डार्क शॅडोज’ नावाची रोजची मालिका होती. १९६७ साली तिच्यात बार्नबस कॉलिन्स हे पिशाच्च आणलं, तेही थोड्या आठवड्यांच्या बोलीवर. प्रेक्षकांनी त्याला थेट १९७१ पर्यंत मुदतवाढ दिली. आपण तरी वेगळं काय केलं? २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. तेच बाहेरख्याली, खुनशी अण्णा २०१९ च्या दुसऱ्या पर्वात हिंडूफिरू लागले, आणि २०२१ च्या तिसऱ्यात भूत होऊन आले!

दुष्ट माणूस बघायला आवडणं हे पाप आहे का? मला नाही वाटत. पण बँकेत एक गोष्ट नेहमी दिसते. कर्ज बुडवणाऱ्याच्या करामती टेबलाटेबलावर रंगतात. बिचाऱ्या जामीनदाराचं नाव कुणी काढत नाही. अण्णा आठवतात, तशा त्यांना सोसणाऱ्या माई आठवतात का? तेव्हा पिशाच्चाला खुशाल ‘या’ म्हणा. फक्त रक्त कुणाच्या खात्यातून जातंय, तेवढं पासबुक अधूनमधून बघत चला.