बर्डीची टेकडी कोणाची?

पंधरा ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला उघडला आणि दुपारपर्यंत तटाची काय दशा झाली, ते नागपूरकरांनी पाहिलंच आहे. माझ्या डोळ्यांदेखत एका तरुणाने खर्ऱ्याची पन्नी दगडांच्या फटीत कोंबली, वरून पिंक मारली. हटकलं तर म्हणतो, "काका, हा काय महाराजांचा किल्ला आहे? इंग्रजांचा आहे!"

"कचरापेटी दिसली नाही" म्हणणारे होते, "पोरं आहेत, चालायचंच" म्हणणारेही होते. त्यांना सोडून देतो. हे 'इंग्रजांचा' प्रकरण मात्र सोडवत नाही.

१८१७ च्या २६ नोव्हेंबरला संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज भिडली. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली, पण पुढे त्यांच्यातच दारूगोळा उडाला आणि लढाई हातची गेली. कंपनीकडून लढत होते तेही बहुतेक मद्रासी पलटणींचे शिपाई. म्हणजे दोन्हीकडून पडलेली माणसं कोण होती, याचा हिशेब करा. किल्ला बांधला गेला तो या पराभवानंतर, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. आपलं राज्य कसं गेलं, हे जिथे उभं राहून कळतं, ती जागा परक्याची कशी?

बरं, महाराजांच्या किल्ल्यांवर तरी आपण काय करतो? सिंहगडावर, राजगडावर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांना कोणता इंग्रज आडवा आला होता? तिथे कोरायचं आणि इथे इतिहास सांगायचा! थुंकायचं आधी ठरतं, कारण मागाहून सापडतं.

खर्ऱ्यावर मी या स्तंभात पुन्हा लिहितो आहे, अशी तक्रार येईल. येऊ द्या. भिंती लाल आहेत तोवर लिहीन.

त्या फटीतली पन्नी दुसऱ्या दिवशी कोणी काढली असेल? किल्ला प्रादेशिक सेनेकडे आहे. म्हणजे काढली असेल आपल्याच एखाद्या जवानाने. वर्षातून तीनच दिवस ही माणसं आपल्यासाठी फाटक उघडतात, आणि त्यांच्या अंगणात आपण हे ठेवून येतो. याची मला मनापासून लाज वाटते.

२६ जानेवारीला किल्ला पुन्हा उघडेल. मुलांना घेऊन जरूर या, लढाई कुठे झाली ते दाखवा. खर्रा घरी ठेवून या. ठेववत नसेल, तर येऊ नका.