निंदा कोणती आणि साक्ष कोणती?

परनिंदा करू नये, हा आम्हां वारकऱ्यांचा नेम. पण लेकराला छळणाऱ्याचे नाव पोलिसांत सांगणे, ही निंदा ठरते काय?

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मुक्कामी मृदंग शिकणारे एक पोर होते. एका थोर म्हणविणाऱ्या गृहस्थांची चाहूल लागली की ते अंग चोरी, ताटावरून उठे, हातचे बोल चुकवी. आम्ही म्हटले, घरची आठवण येत असेल. पुढे खरे कळले, तेव्हाही फडाचे नाव जाईल म्हणून तोंड मिटून बसलो. पोर शिकणे सोडून निघून गेले. त्या मौनाला आम्ही क्षमा म्हणत होतो!

अहो, क्षमा करावी ती आपल्याला झालेल्या दुःखाची. लेकराच्या दुःखाची क्षमा करणारे आम्ही कोण? निंदा जिभेच्या चवीसाठी होते; साक्ष दुबळ्याच्या रक्षणासाठी द्यावी लागते.

म्हणून माउलींनो, पोर एकाएकी अबोल झाले, कुणाला टाळू लागले, तर जवळ घ्या, ऐकून घ्या, ‘तुझी चूक नाही’ म्हणा. खोदून विचारू नका, तपास पोलिसांचा. बालकावरील लैंगिक अत्याचार कळूनही न कळविणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हाच आहे. रास्त शंका असली तरी कळवावे. सद्भावाने सांगणाऱ्यास दोष नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा फोन. लेकराचे नाव मात्र चारचौघांत फोडू नये.

फडाचे नाव राखायचे, तर आधी लेकरू राखावे.